पाणी किती वाजता येतं? परिसर-माहितीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या चौकात मंडळाच्या शेडला एक काळा फळा टांगलेला आहे. मंडळाचा एक कार्यकर्ता रोज संध्याकाळी तो ओल्या फडक्याने पुसतो, वर उजव्या कोपऱ्यात तारीख घालतो आणि खडूने लिहितो: ‘गुरुवारी पाणी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल.’ कधी कोणाच्या निधनाची वार्ता असते, कधी रक्तदान शिबिर, कधी ‘चाव्यांचा जुडगा सापडला आहे, ओळख पटवून डेअरीतून न्यावा’. भाजीच्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका दोन मिनिटं थांबतात, वाचतात आणि घरी जाऊन पिंप भरून ठेवतात.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आमच्या भागात आम्ही काही जण हेच काम ऑनलाइन करतो. पगार कोणालाच नाही, नफा नाही, जाहिराती घेत नाही. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा सांभाळून जो तो आपापला तास देतो. नव्याने येणाऱ्याला मी ज्या गोष्टी ओट्यावर बसून तोंडी सांगते, त्या इथे क्रमाने लिहिते आहे. कोथरूडला, हडपसरला, वाघोलीला कोणाला असं जाळं उभं करायचं असेल तर सुरुवात करता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चौकातला फळा रोज पुसला जातो. फोनवर लिहिलेलं आपोआप पुसलं जात नाही. तीन महिन्यांपूर्वीचं शिबिर, बंद पडलेला दवाखाना, बदललेला नंबर हे सगळं तिथे तसंच राहतं, आणि कोणीतरी त्यावर विश्वास ठेवून रिक्षाचे पैसे घालून जातं. या कामातली निम्मी मेहनत लिहिण्याची आहे आणि निम्मी पुसण्याची.

हद्द आखून घ्या

‘पुण्याची माहिती’ गोळा करायचा मोह सोडा. २०१७ साली ११ गावं आणि २०२१ साली आणखी २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. कसब्यात लोक विचारतात, विसर्जनाला लक्ष्मी रस्ता किती वाजता बंद होणार; समाविष्ट गावांत विचारतात, टँकर कोणाकडे मागायचा. एका गटाला हे दोन्ही नीट सांगता येणार नाही.

आमचा नियम साधा आहे: अर्ध्या तासात पायी जाऊन येता येईल तेवढीच हद्द. एखादी बातमी खरी की खोटी हे चपला घालून बघून यायची सोय हवी. कागदावर नकाशा काढा, मोठे रस्ते, ओढा, कालवा यांच्या रेघा मारा आणि आपला तुकडा रंगवा. तुमचा भाग कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाकडे, कोणत्या पोलीस ठाण्याकडे आणि रेशनच्या कोणत्या परिमंडळ कार्यालयाकडे येतो, हे तीन कोपऱ्यांत लिहून ठेवा. या तिघांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत. रस्त्याच्या या बाजूला एक ठाणं, त्या बाजूला दुसरं, असं पुष्कळदा असतं. लोकांचे सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच होतात.

पहिला आठवडा फक्त ऐका

काहीही लिहायला घेण्याआधी एक वही घ्या आणि फिरा. पिठाची गिरणी, रिक्षा थांबा, दवाखान्याबाहेरचं बाकडं, अंगणवाडी सुटायची वेळ, अभ्यासिकेखालची चहाची टपरी. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. माझ्या पहिल्या वहीत असं लिहिलेलं आहे:

‘लेकराला डोस कोणत्या वारी देतात?’
‘रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं तर कुठल्या हापिसात जायचं?’
‘कॉट बेसिसवर जागा मिळेल का, मेसचा डबा धरून किती?’
‘पालखीच्या दिवशी स्वारगेटला जायला बस कुठून?’
‘पाणी किती वाजता येतं?’

शेवटचा प्रश्न मला एकाच आठवड्यात सहा जणांनी विचारला. त्यात एक लातूरहून नुकती आलेली ताई होती. तिचा नवरा बांधकामावर, ती चार घरची कामं धरणार होती. पाण्याची वेळ कळल्याशिवाय तिला कामाच्या वेळा ठरवता येईनात. पाणी पहाटे येतं की सकाळी नऊला, यावर तिची महिन्याची कमाई अवलंबून होती. तोवर मी आमच्या भागातली जुनी देवळं आणि चांगली वाचनालयं यांची यादी करत बसले होते. ती यादी मी बाजूला ठेवली.

याद्या कमी आणि प्रश्न जास्त, हे धोरण जगभर असल्या कामात उपयोगी पडलेलं आहे. अमेरिकेत बर्कलीला १९७३ साली काही मंडळींनी गाण्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात संगणकाला जोडलेलं एक टंकयंत्र ठेवलं होतं, येणाऱ्याने त्यावर हवं ते विचारावं म्हणून. वाजवायला सोबती शोधणारे वादक तिथे आले. क्लीव्हलँडमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या फुकट सार्वजनिक संगणक-जाळ्याचं मूळही लोकांच्या आरोग्याच्या प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेल्या उत्तरांत होतं. आपल्याकडे पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, आणि वर्तमानपत्रं लावलेली मंडळांची फुकट वाचनालयं तर गल्लोगल्ली होती. सकाळी तिथे पेपर वाचायला जमलेली माणसं एकमेकांना जे सांगत, ते आपल्याला आता नीट नोंदवून सांगायचं आहे.

नोंद कशी लिहायची

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्या स्वयंसेवकाचं काम इथेच चुकतं.

आमच्या जाळ्यात ‘आज’, ‘उद्या’ आणि ‘परवा’ हे शब्द वर्ज्य आहेत. एकदा आमच्याकडे मजकूर आला: ‘उद्या मोफत डोळे तपासणी शिबिर. सर्वांनी लाभ घ्यावा. पुढे पाठवा.’ हा ‘उद्या’ कोणत्या दिवसाचा? मजकूर चार हातांतून फिरून येईपर्यंत उद्याचा काल झालेला असतो. आम्ही आयोजकांना फोन लावला, चार प्रश्न विचारले आणि नोंद अशी केली:

‘मोफत डोळे तपासणी. रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी १० ते दुपारी १. वडगाव बुद्रुक, मारुती मंदिरामागचा हॉल, तळमजला, जिना नाही. फक्त तपासणी होईल, चष्मा मिळणार नाही. जुना चष्मा असल्यास आणावा. आयोजकांशी ७ मार्चला संध्याकाळी बोलून खात्री केली. ही नोंद १० मार्चला काढली जाईल.’

यात काय काय आहे ते बघा. वार आणि तारीख दोन्ही आहेत, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून पकडता येतं. जिना नाही हे लिहिलं, कारण डोळे तपासायला येणारी माणसं बहुतेक म्हातारी असतात. काय मिळणार नाही तेही लिहिलं. चष्म्याच्या आशेने आलेल्या आजोबांना रिकाम्या हाताने परत जावं लागू नये. कोणाकडून आणि कधी खात्री केली ते लिहिलं. आणि नोंद कधी मरणार, तेही जन्मतःच लिहिलं.

पत्ता खुणेने सांगा. पुण्यात माणसं घर क्रमांकावरून घर शोधत नाहीत, मारुतीवरून आणि विठोबावरून शोधतात. पण खूण आजची आहे ना, ते तपासा. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. त्यानंतर कितीतरी दिवस बाहेरगावची माणसं बोचकी घेऊन जुन्या जागी उभी असायची, कारण त्यांना रस्ता सांगणाऱ्याच्या डोक्यात जुनंच स्थानक होतं.

भाषा घरातली ठेवा. ‘सदर परिसरातील पाणीपुरवठा विस्कळीत स्वरूपात राहील’ असं पत्रक आलं, की आम्ही लिहितो: ‘पाणी बारीक येईल, वेळेचा भरवसा नाही, आदल्या रात्री भरून ठेवा.’ मूळ पत्रकाची तारीख आणि खातं मात्र जसंच्या तसं देतो. पत्रकाचा नुसता फोटो टाकू नका. ज्यांना दिसत नाही ते फोनकडून मजकूर वाचून घेतात, आणि फोटोतली अक्षरं प्रत्येक फोन वाचत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीच नोंद अर्ध्या मिनिटात बोलून पाठवा. आमच्याकडे बांधकामावरच्या वस्तीसाठी हिंदीतही बोलतो.

खात्री म्हणजे काय

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. आमचा गट त्याच महिन्यात जमला. खाटांच्या याद्या फोनवरून फिरत होत्या आणि आम्ही पाच जणी रात्री बसून त्या यादीतल्या प्रत्येक दवाखान्याला फोन लावत होतो. माझ्या फुलस्केप वहीत चार रकाने होते: कोणाला फोन केला, किती वाजता, कोण बोललं, काय म्हणालं. एका रात्री सव्वाअकराला एका ठिकाणी ऑक्सिजनची एक खाट आहे असं कळलं. मी ते लगेच पुढे पाठवलं, किती वाजताची खबर ते न लिहिता. नऱ्ह्याहून एक कुटुंब साडेबाराला तिथे पोहोचलं. खाट तासाभरापूर्वीच भरली होती. त्यांच्याकडे असलेल्या मजकुरात वेळ नव्हती, त्यामुळे निघण्याआधी पुन्हा विचारावं हे त्यांना सुचणार कसं? ती चूक माझी होती. तेव्हापासून वेळ आधी, मजकूर नंतर.

आमची खात्रीची रीत आता अशी आहे. शक्य असेल तर स्वतः जा. जाता येत नसेल तर फोन करा, आणि फोन संबंधित ठिकाणी करा, मजकूर पाठवणाऱ्याला नव्हे. बोलताना आधी स्वतःची ओळख द्या: ‘नमस्कार, मी इथलीच स्वयंसेवक आहे, तुमच्याकडची वेळ लोकांना सांगायची आहे, दोन मिनिटं बोलता का?’ एवढं नीट सांगितलं की बहुतेक माणसं बोलतात. जेवणाची सुट्टी, आठवडी सुट्टी आणि शेवटचा नंबर किती वाजता देतात, हे तिन्ही विचारा. बाहेरच्या पाटीवर ‘दुपारी १ पर्यंत’ असतं, पण केसपेपर बारालाच बंद होतो, हे आत विचारल्याशिवाय कळत नाही.

‘माझ्या ओळखीच्याने सांगितलं’ ही खात्री नाही. पाच जणांनी तोच मजकूर पाठवला तरी ती एकच खबर. पाचही जणांना ती एकाच जागेहून आलेली असू शकते.

पावसाळा

आमच्या भागात हा स्वतंत्र विषय आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं, ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. खडकवासला धरणातून मुठा नदीत किती पाणी सोडलं जातंय हा आकडा त्या दिवसांत सगळ्यांना हवा असतो. तो जलसंपदा खात्याचा आणि महापालिकेचाच घ्या, सोबत किती वाजताचा ते लिहा, आणि एकदा कधीतरी क्युसेक म्हणजे काय तेही समजावून सांगा: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त. हे कळलं की नदीकाठची माणसं आकडा वाचून सामान वर ठेवायला लागतात.

धरणाच्या आकड्यावरून ओढ्याकाठच्या माणसाला निर्धास्त मात्र करू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसामुळे. त्याचा खडकवासल्याच्या विसर्गाशी संबंध नव्हता. नदी आणि ओढा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. आणि पुराच्या रात्री नुसतं लिहून थांबू नका. ज्यांचा फोन बंद असतो अशी दहा-पंधरा घरं आधीच माहीत करून घ्या आणि दार वाजवायला कोण जाणार ते मे महिन्यातच ठरवा. आपले अंदाज कृपा करून लिहू नका. ‘अजून पाणी वाढणार म्हणे’ या एका वाक्याने माणसं अंधारात म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडतात.

आजाराच्या बातम्या

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड (आमच्या शेजारचं गाव) या पट्ट्यात गीयाँ-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले. पाण्याबद्दल शंका होती, त्यामुळे घबराट साहजिक होती. त्याबरोबर अफवाही आल्या. चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, अमुक इमारतीत रुग्ण आहे, तिकडे जाऊ नका. आम्ही तीनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या: आरोग्य खात्याने काय सांगितलं ते तारखेसह, घरी काय करायचं (पाणी उकळून पिणं, अन्न नीट शिजवून खाणं), आणि हातापायांत एकाएकी अशक्तपणा वाटला तर वाट न बघता रुग्णालयात जा.

रुग्ण कुठल्या इमारतीत आहे हे आम्हाला तीन जणांनी कळवलं होतं. आम्ही ते लिहिलं नाही. दुसरीकडून ते नाव फिरलंच, आणि त्या इमारतीत काम करणाऱ्या मावशींना बाकीच्या घरांनी पंधरा दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. पगार कापून. त्या मावशी मला भाजीच्या गाडीवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, आजार त्यांना झाला आणि उपाशी आम्ही राहिलो.” कोणी मला विचारलं की नाव का छापत नाही, तर मी हेच सांगते.

त्याच न्यायाने, कोणाचाही खासगी नंबर विचारल्याशिवाय देऊ नका. प्लंबर असो, गॅस शेगडीवाला असो की डबे देणाऱ्या काकू असोत, ‘तुमचा नंबर सगळ्यांना दिसेल, चालेल का? नको झाला तर कधीही सांगा’ हे विचारा आणि होकाराची तारीख वहीत लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी ही साधी माणुसकी आहे. हरवलेल्या मुलाचा फोटो पसरवण्याआधी ११२ (पोलीस) किंवा १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) ला कळवलंय का ते विचारा. मूल तासाभरात सापडतं आणि फोटो वर्षभर फिरतो.

रक्ताची मागणी

एका ओळखीच्या घरी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. आम्ही मजकूर पाठवला, दुपारपर्यंत दाते मिळाले, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तीन आठवडे त्या घरी फोन येत राहिले. नंतरच्या फोनांच्या वेळी तो माणूस या जगात नव्हता, आणि त्याची मुलगी प्रत्येक भल्या माणसाला ‘आता नको’ म्हणून सांगत होती. मदतीच्या प्रत्येक मागणीवर तेव्हापासून आम्ही शेवटची वेळ घालतो: ‘१४ तारखेला रात्री ८ नंतर हा मजकूर पुढे पाठवू नये.’ नातेवाइकांऐवजी रक्तपेढीचा नंबर देतो. गरज भागली की ‘मिळालं, आभार, आता थांबा’ हेही त्याच सगळ्या ठिकाणी पाठवतो. तातडीचे नंबर कायम वर ठेवलेले बरे: पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०.

सरकारी माहिती कशी मिळवायची

घाबरू नका, हे वाटतं तेवढं अवघड नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. आधी त्या बघा. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, देणारा अधिकारी कोण आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लिहिलेलं असायला हवं. फलक असेल तर तो वहीत उतरवून घ्या आणि लोकांना सोप्या मराठीत द्या. आमच्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त वाचली जाणारी नोंद ही आहे.

जे मिळत नाही त्यासाठी अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, एका अर्जात एकच विषय घ्या, मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘पाणी का येत नाही’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक टाकीवरून अमुक भागाला पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाची प्रत द्यावी’ असा अर्ज करा. कागद मागितला की कागद मिळतो.

नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रकही लक्षात ठेवा. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. मुदत दरवर्षी नव्याने जाहीर होते. गेल्या वर्षीची नोंद उघडून फक्त साल बदलायचं, असं इथे करू नका. मिळकतकराची सवलत, शाळाप्रवेश, पालखीच्या दिवसाचे रस्ते, कशाच्याच बाबतीत करू नका. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते हे ठरलेलं. कोणता रस्ता किती वाजता बंद, हे दरवर्षी पोलिसांकडून नव्याने घ्यायचं.

माणसं, पैसा आणि चाव्या

पाळ्या लावा. एका आठवड्याला दोघं, आणि पाळी बदलताना रविवारी वही हातात देऊन दहा मिनिटं बोलणं. रात्री दहानंतर पुराखेरीज काही नाही. उत्साहाच्या भरात रोज चार तास देणारा माणूस दोन महिन्यांत थकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. रोज वीस मिनिटं देणारी शेजारीण तीन वर्षं टिकते.

नोंदींखाली ‘सौजन्य’ कोणाचंही नको. शिबिर कोणत्याही पक्षाच्या माणसाने घेतलेलं असो, शिबिराची वेळ द्या, त्याचा फोटो नको. निवडणुकीच्या दिवसांत मतदान केंद्र आणि यादीत नाव कसं शोधायचं एवढंच.

खर्च अगदी थोडा असतो. तो खिशातून करा आणि महिन्याच्या महिन्याला लिहून सगळ्यांना दाखवा. देणग्या कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. पैसा खरंच लागायला लागला की मग नोंदणी करा: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयात नोंद होते. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते सांभाळणारं माणूस मिळेपर्यंत थांबा.

पासवर्ड मात्र पहिल्या दिवसापासून दोघांकडे हवेत. आमच्यातला एक जण नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याचा फोन हरवला आणि आमच्या सगळ्या नोंदी सतरा दिवस कोणालाच उघडता आल्या नाहीत. आता पासवर्ड एका पाकिटात, पाकीट दोन घरी.

चुकलं की

चूक झाली तर गुपचूप बदलू नका. जुनी ओळ खोडलेली दिसू द्या, खाली लिहा: ‘दुरुस्ती, ६ जून, सकाळी ९: दवाखाना मंगळवारी बंद असतो, बुधवारी नाही. काल गेलेल्यांना त्रास झाला, क्षमस्व.’ ज्याने चूक दाखवली त्याला फोन करून आभार माना. पुढचा स्वयंसेवक बऱ्याचदा तोच असतो.

महिन्याचा पहिला रविवार

हा दिवस पुसण्याचा. गिरणीच्या ओट्यावर आम्ही तीन-चार जण बसतो, सगळ्या नोंदी वरून खाली एकेक वाचतो आणि प्रत्येक नंबर लावून बघतो. नंबर लागत नाही, नोंद बाहेर. खात्रीची तारीख तीन महिन्यांपूर्वीची, तर पुन्हा खात्री, नाहीतर नोंद बाहेर. पहिल्या वर्षी याला पूर्ण सकाळ जायची. हल्ली दीड तासात उरकतं, कारण लोक आधीच कळवतात. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातले काका मागच्या महिन्यात स्वतः उठून ओट्यापाशी आले. म्हणाले, “एक तारखेपासून दुपारी दोन ते चार बंद ठेवणार आहे. तुमच्याकडे लिहा, मग मला पाटी बदलायला उशीर झाला तरी चालेल.” वहीत तारीख टाकली, वेळ टाकली, आणि जुनी ओळ खोडली.